फोन एक, गाड्या अनेक

हा सीन ओळखीचा वाटतोय का बघा. पाच जणांनी कॉन्ट्री काढून सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतली. शहराबाहेर पडायच्या आत ‘गाणी कोण लावणार’ यावरून भांडण झालं आणि शेवटी तुमचा फोन ब्लूटूथला जोडला गेला. जोडताना स्क्रीनवर आधीच्या लोकांच्या फोनची नावं दिसली. तुम्ही हसलात. परत आल्यावर पेट्रोल भरलं, वेफर्सचा कचरा काढला, चावी दिली. आता त्या यादीत तुमचंही नाव आहे आणि पुढचा ग्रुप ते वाचून हसणार आहे.

नाव राहिलं तर काय बिघडलं? फार काही नाही. पण जोडताना फोनने आणखी एक प्रश्न विचारला होता: कॉन्टॅक्ट्स आणि कॉल हिस्टरी शेअर करू का? गाण्याच्या घाईत आपण ‘अलाऊ’ दाबून मोकळे होतो. खरं तर ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामाची वाट वेगळी असते. गाण्यांची एक, कॉलची दुसरी, फोनबुकची तिसरी. म्हणजे गाणी ऐकायला फोनबुक द्यायची गरजच नसते! एकदा दिलं, की अनेक गाड्या त्याची प्रत स्वतःच्या मेमरीत ठेवतात. बऱ्याचदा ती तुमचा फोन जोडलेला असतानाच दिसते. पण दिसत नाही म्हणजे पुसली गेली असं नाही. गाडीच्या सिस्टिममधून अशी माहिती बाहेर काढणारी उपकरणं तपास यंत्रणा वापरतातही.

हा धोका काल-परवाचा नाही. भाड्याच्या गाडीला फोन जोडताना सावध राहा, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्येच सांगितलं होतं. २०२३ मध्ये मोझिला फाउंडेशनने २५ कार ब्रँड प्रायव्हसीच्या कसोटीवर तपासले. एकही पास झाला नाही.

मग आपल्याकडचा कायदा? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात संमती आहे, डेटा पुसून मागण्याचा हक्क आहे. पण एखाद्याने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेला डेटा या कायद्याच्या बाहेर आहे. मित्राच्या दादाची गाडी, काकांनी विकायला काढलेली गाडी, इथे कायदा तुमच्या मदतीला येईल अशी आशा धरू नका.

घरच्या गाडीचा ताप वेगळाच. फोन जुन्या ओळखी विसरत नाही. तुम्ही गेटपाशी उभे राहून ‘खास’ कॉलवर बोलताय, बाबांनी गाडी सुरू केली, आणि पुढचं वाक्य थेट गाडीच्या स्पीकरवर! यावर हसू येतं. पण फोनबुकचं तसं नाही. त्यातले नंबर तुमचे नसतात. मैत्रिणीचे, आजीचे, मॅडमचे असतात. मैत्रिणीने नंबर तुम्हाला दिला होता, अनोळखी गाडीला नव्हे. ‘अलाऊ’ तुम्ही दाबता, किंमत मात्र तिला मोजावी लागू शकते.

याचा अर्थ ब्लूटूथ वाईट असा नाही. हातात मोबाइल धरून गाडी चालवण्यापेक्षा ते कधीही बरं. तसं करणं मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हाच आहे. फक्त तीन सवयी लावून घ्या. परक्या गाडीत फोनबुकला नकार द्या, गाणी तरीही वाजतील. गाडी परत देताना फोन दोन्हीकडून काढा: फोनमध्ये ‘फरगेट’ आणि गाडीच्या स्क्रीनवर ‘डिलीट’. फक्त फोनमधून काढलं तर गाडीतली प्रत तिथेच राहू शकते. आणि घरची गाडी विकताना आरसी, विम्याच्या कागदांबरोबर फॅक्टरी रीसेटही यादीत लिहा.

दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या ट्रिपला कचरा काढाल, तेव्हा स्क्रीनवरचाही काढा.