चहा देताना गोणपाटही अंथरा

मैत्रिणींनो, ऑक्टोबरची छाटणी झाली, की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत पुढे विरळणीची घाई सुरू होते. पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या येतात. मांडवाखाली उभं राहायचं, मान वर, हात वर, आणि कात्रीने घडातले जादा मणी काढायचे. पाचच मिनिटं हात वर धरून बघा, खांदे बोलू लागतात! या बाया दिवसभर धरतात. काम ठेक्याचं असलं, तर थांबल्याने मजुरी बुडते. मग थांबणार कोण?

हात सतत वर राहिले, की स्नायू ताणलेलेच राहतात आणि लवकर थकतात. थकलेल्या हातातली कात्री चुकते. चांगला मणी जातो, कधी बोटही कापतं. म्हणून दुखायची वाट न पाहता तासाला पाच मिनिटं हात खाली सोडावेत, खांदे फिरवावेत, घोटभर पाणी प्यावं. बुटक्या बाईला पायाखाली भक्कम पाट द्यावा. दुपारी जेवल्यावर पाठ टेकू द्यावी.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही मागितली होती. १९४८ च्या कारखाना कायद्यातही सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिली गेली. बागेत मात्र भोंगा होत नाही. ज्यांच्या घरची बाग आहे, त्यांनी ठेका ठरवतानाच हा वेळ हिशेबात धरावा. आणि चहाची किटली घेऊन बागेत गेलात, तर बायांना उभ्याउभ्या कप देऊ नका. आधी गोणपाट अंथरा, मग चहा ओता.