विश्लेषण : ‘इनटेक’ बदलला, आवाज वाढला… पण ताकद किती वाढली?

रविवारी सकाळी देहूरोड-किवळे परिसरात थोडा वेळ थांबले, तर लोणावळ्याकडे निघालेल्या स्पोर्ट्स कार दिसण्याआधी ऐकू येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे पुण्याकडचे टोक इथेच आहे. त्या आवाजातला काही भाग सायलेन्सरचा असतो, तर काही भाग बॉनेटखालच्या हवा ओढणाऱ्या नळीचा. ही नळी आणि तिच्यावरचा फिल्टर बदलून घेण्याची, म्हणजे ‘इनटेक’ टाकून घेण्याची, तरुण कारप्रेमींमध्ये मोठी हौस आहे. पार्टनुसार खर्च काही हजारांपासून लाखाच्या पुढेही जातो. या पैशांतून नेमके काय मिळते, काय पणाला लागते आणि कायदा याकडे कसे पाहतो, याचा हा आढावा.

इनटेक म्हणजे नेमके काय?

इंजिन इंधनावर चालते असे आपण म्हणतो, पण वजनाने पाहिले तर ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा घेते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. दोन लिटरचे साधे, म्हणजे टर्बो नसलेले इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असेल, तर ते दर सेकंदाला जवळपास १०० लिटर हवा ओढते. ही हवा पुढच्या जाळीजवळच्या तोंडातून आत येते, एअरबॉक्समधल्या कागदी फिल्टरमधून गाळली जाते, नळीतून थ्रॉटल बॉडीपर्यंत आणि तिथून मॅनिफोल्डमधून सिलिंडरमध्ये जाते. टर्बो इंजिनात मध्ये टर्बो आणि इंटरकूलर येतात. बाजारात मिळणारे ‘कोल्ड एअर इनटेक’ यातला पहिला टप्पाच बदलते : बंद एअरबॉक्सच्या जागी मोठा, बहुधा शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि गुळगुळीत, कमी वळणांची नळी.

मूळ व्यवस्था कमी दर्जाची असते का?

हा सर्वात मोठा गैरसमज आहे. कंपनीचा एअरबॉक्स ओबडधोबड दिसतो, त्यात आडवेतिडवे पोकळ कप्पे असतात. हे कप्पे उगाच नसतात. त्यांना रेझोनेटर म्हणतात आणि हवा ओढताना होणारी गुरगुर ते शोषतात. भारतात प्रवासी कारच्या बाहेरून मोजलेल्या आवाजाची मर्यादा मान्यतेच्या चाचणीत ७४ डेसिबल आहे. संपूर्ण गाडीला ही चाचणी पार करावी लागते. म्हणजे इनटेक बदलल्यावर जो आवाज ‘मोकळा’ होतो, तो बांधून ठेवण्यासाठी अभियंत्यांनी मुद्दाम काम केलेले असते. फिल्टर बदलल्यावर गाडी ‘जोरात पळतेय’ असे वाटण्यामागेही बऱ्याचदा हाच आवाज असतो. कानांना मिळालेला पुरावा मन वेगाच्या खात्यात जमा करते.

मग ताकद किती वाढते?

थोडी वाढू शकते, पण किती हे अडथळा मुळात किती होता यावर ठरते. समजा, मूळ फिल्टर आणि नळीमुळे पूर्ण वेगात दोन किलोपास्कल दाब वाया जातो आणि नव्या भागांनी तो एक किलोपास्कलवर आला. वातावरणाचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असतो. म्हणजे फायदा साधारण एक टक्का. दीडशे हॉर्सपॉवरच्या गाडीत तो दीड हॉर्सपॉवर होतो, तोही इंजिन अगदी वरच्या फेऱ्यांवर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच.

टर्बो इंजिनात गणित आणखी वेगळे आहे. तिथे किती दाब आणि किती टॉर्क द्यायचा हे ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक ठरवतो. हवेची वाट मोकळी झाली की टर्बोला तेवढाच दाब देण्यासाठी कमी कष्ट पडतात, पण ईसीयूने ठरवलेली मर्यादा तशीच राहते. खरा फरक ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलल्यावर, म्हणजे ‘ट्यून’ केल्यावर दिसतो. म्हणूनच इनटेक ही बहुधा पहिली खरेदी असते, शेवटची नव्हे.

‘थंड हवे’चा दावा खरा आहे का?

तत्त्व खरे आहे. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त मावतो. आपल्याकडच्या तापमानात हवा साधारण तीन अंशांनी तापली की तिची घनता एक टक्क्याने घटते. अडचण पुढे आहे. उघडा शंकू-फिल्टर इंजिनशेजारी, उष्णतारोधक पडद्याशिवाय बसवला, तर तो बॉनेटखालची तापलेली हवाच ओढतो. सोमाटणे फाट्याजवळच्या रांगेत गाडी उभी असताना बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६० अंश असतील, तर आत जाणारी हवा सात टक्क्यांहून अधिक विरळ असते. एक टक्का कमवायला गेलेला माणूस सात टक्के गमावून बसतो. मूळ एअरबॉक्स पुढच्या जाळीजवळून बंद नळीने हवा घेतो. अनेक गाड्यांत तोच खरा ‘कोल्ड एअर इनटेक’ असतो.

दुसरा दावा ‘रॅम एअर’चा, म्हणजे वेगामुळे हवा आपोआप आत ढकलली जाण्याचा. द्रुतगती मार्गावर सपाट पट्ट्यात कारची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा पूर्ण दाब पकडला, तरी वाढ अर्ध्या टक्क्याहून कमी भरते. घाटात वेग कमी असल्याने ती आणखी घटते.

घाटाचे गणित काय सांगते?

खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी पाच-साडेपाचशे मीटर वर येते. उंचीमुळे हवेचा दाब सुमारे सहा टक्के घटतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते. वरची हवा थोडी गार असल्याने त्यातले काही परत मिळते, एवढेच. म्हणजे महागड्या फिल्टरने जे एक-दोन टक्के मिळवून दिले, ते बोरघाट अर्धा चढेपर्यंत संपलेले असते.

मावळात तोटा कुठे होऊ शकतो?

दोन ठिकाणी : पावसात आणि धुळीत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. काही इनटेकमध्ये थंड हवेसाठी फिल्टर खाली, बंपरच्या मागे चाकाजवळ नेलेला असतो. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि फिल्टर बुडाला, तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन तिथेच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच ‘हायड्रोलॉक’ म्हणतात. त्याची दुरुस्ती इनटेकच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते.

धुळीचे नुकसान सावकाश होते, म्हणून ते लक्षात येत नाही. जुन्या महामार्गावरची मालवाहतूक, तळेगाव-चाकण पट्ट्यातले ट्रक आणि रस्त्याकडेची सुटी माती यामुळे इथली हवा स्वच्छ म्हणता येत नाही. धुळीतले वाळूचे बारीक कण सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा घासतात. फिल्टर जितका मोकळा, तितके सूक्ष्म कण आत जाण्याची शक्यता जास्त. फिल्टर किती धूळ अडवतो, हे मोजण्यासाठी ‘आयएसओ ५०११’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. खोक्यावर फक्त हॉर्सपॉवरचा आकडा असेल आणि या चाचणीचा निकाल नसेल, तर अर्धीच माहिती दिली आहे असे समजावे. तेल लावून वापरायच्या कापडी फिल्टरवर तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर बसते आणि इंधनाचे प्रमाण बिघडते.

शर्यतीत मात्र इनटेक इतका महत्त्वाचा का?

कारण तिथे नियमच इनटेकवर असतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या ‘फॉर्म्युला स्टुडंट’ प्रकारच्या स्पर्धांत पेट्रोल इंजिनाला सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून घ्यावी लागते. हे छिद्र साधारण एक रुपयाच्या नव्या नाण्याएवढे असते. कॉलेजमध्ये असताना आमच्या टीमने त्या छिद्राच्या पुढे-मागे नळीचा आकार कसा असावा, यावर आख्खे सत्र घालवले. वरच्या फेऱ्यांवर तिथे हवेचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत जातो आणि त्यानंतर काहीही केले तरी जास्त हवा आत येत नाही. अडथळा खरोखर इनटेकमध्ये असेल, तर तिथे केलेल्या कामाचे चीज होते, हे तेव्हा कळले. अडथळा दुसरीकडे असेल तर कितीही चकचकीत नळी लावा, उपयोग नसतो, हेही तेव्हाच कळले. रस्त्यावरच्या गाडीत तो अडथळा बहुधा दुसरीकडेच असतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील बदलांबाबत आहे. निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला आणि उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द केला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० वेगळे आहे.

आता गंमत पाहा. नोंदणी प्रमाणपत्रात एअर फिल्टरचा रकाना नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसी चाचणीत प्रामुख्याने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, तेही गाडी जागेवर उभी असताना. त्यामुळे इनटेक पकडला जात नाही, पण तो मान्यही नाही. रस्त्यावर तपासणी करणाऱ्या पोलिसाला ठरवायला निकष नाही आणि मालकाला दाखवायला कागद नाही.

वॉरंटी आणि विम्याचे काय?

इंजिनातल्या बिघाडाचा संबंध बाहेरच्या भागाशी जोडता आला, तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. विमा हा गाडीबद्दल दिलेल्या माहितीवर उतरवलेला असतो. बदल न कळवल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो. पाणी शिरून इंजिन गेल्यास नेहमीच्या पॉलिसीत ते सहसा धरत नाहीत. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’सारखे वेगळे संरक्षण लागते.

बदलायचाच असेल तर?

आधी मोजा. साध्या ओबीडी रीडरवर आत येणाऱ्या हवेचे तापमान दिसते. मूळ एअरबॉक्ससह रांगेत आणि मोकळ्या रस्त्यावर ते लिहून ठेवा. ते बाहेरच्या तापमानापेक्षा थोडेच जास्त असेल, तर नव्या भागातून मिळण्यासारखे फारसे काही नाही. ताकद तपासायची तर एकाच डायनोवर, एकाच दिवशी, बॉनेट बंद ठेवून, आधी आणि नंतर अशी तपासा. विकणाऱ्याने दाखवलेल्या आलेखात बॉनेट उघडे असेल आणि समोर मोठा पंखा असेल, तर तो आलेख तुमच्या रस्त्याचा नाही. बहुतेकांसाठी सर्वात स्वस्त सुधारणा म्हणजे मूळ फिल्टर वेळेवर बदलणे. धुळीच्या भागात तर कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच.

धोरणात काय बदलायला हवे?

हौस वाईट नाही. याच हौसेतून मेकॅनिक घडतात, अभियंते घडतात. देहूरोडपासून तासाभराच्या अंतरात चाकणचे कारखाने आहेत, पुण्यात १९६६ पासून एआरएआय म्हणजे ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही वाहन चाचणी संस्था आहे. तरीही सुटा भाग तपासून ‘हा चालेल, हा चालणार नाही’ असे सांगणारी वाट सामान्य ग्राहकासाठी नाही.

ही वाट अशक्य नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रदूषणाची चाचणी पार केलेल्या आफ्टरमार्केट भागाला क्रमांक मिळतो आणि त्याचे लेबल बॉनेटखाली चिकटवले जाते. जर्मनीत तांत्रिक संस्थेचा दाखला मिळवून, गरज असेल तिथे तो बदल गाडीच्या कागदपत्रांत चढवला जातो. आपल्याकडेही सीएनजी किटच्या बाबतीत हेच होते : मान्यताप्राप्त किट, अधिकृत ठिकाणी बसवणे आणि आरटीओत नोंद. उच्च दाबाची गॅसची टाकी गाडीत बसवायला रीतसर मार्ग आहे, पण फिल्टरच्या नळीला नाही, ही विसंगती आहे.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २०१९च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्येच दार ठेवले आहे. बदलांसाठी निकष आणि मान्यतेच्या अटी केंद्र सरकारला ठरवता येतात आणि अशा मान्य बदलामुळे निर्मात्याची वॉरंटी रद्द समजली जाणार नाही, असेही तिथे म्हटले आहे. इनटेक, ब्रेक, सस्पेन्शनसारख्या भागांसाठी आवाज, धूर आणि धूळ या तीन कसोट्यांवर हे दार उघडले, तर खोटे आकडे छापणाऱ्यांचा धंदा आपोआप आटेल. पोलिसाला क्रमांक पाहून निर्णय घेता येईल आणि प्रामाणिक हौशी माणूस गुन्हेगाराच्या रांगेत उभा राहणार नाही.

तोवर देहूरोडहून लोणावळ्याला निघणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे : पार्टच्या खोक्यावरची हॉर्सपॉवर विकणाऱ्याची असते, इंजिन तुमचे असते आणि घाटातला रस्ता सगळ्यांचा असतो.