दहांची पंगत, अठरा पाने



इंदूरच्या एका भगिनीचे पत्र गेले दोन आठवडे माझ्या टेबलावर आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत, ओरेगन राज्यातील कॉर्व्हालिस या गावी, ओरेगन स्टेट विद्यापीठात शिकतो. बोलता बोलता तो आईला म्हणाला, ‘आमच्या विद्यापीठाला सगळे शेजारी सोडून गेले, आम्ही दोघेच मागे राहिलो.’ माउलीच्या काळजाचा ठोका चुकला. विद्यापीठ बुडाले काय, पदवीची किंमत उतरली काय आणि भरलेली फी परत मिळेल काय, असे तीन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले आहेत. तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पहिली दोन उत्तरे वाचून त्यांना हायसे वाटेल. तिसऱ्याला माझा इलाज नाही.

मुलगा बोलत होता तो फुटबॉलविषयी. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हाती धरून, शिरस्त्राणे घालून, अंगावर धावून जाण्याचा हा अमेरिकन खेळ. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत त्याचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला असे मानतात. आज त्या देशात शनिवारी विद्यापीठांच्या क्रीडांगणांवर जी गर्दी लोटते, ती पाहिली म्हणजे हा विद्यार्थ्यांचा खेळ आहे की गावची जत्रा, असा संभ्रम पडावा.

या खेळाच्या व्यवस्थेत ‘कॉन्फरन्स’ हा शब्द पदोपदी येतो, आणि त्याने मला पुरते अडवले. ‘परिषद’ म्हणावे तर वाचकांच्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, हारतुरे आणि अध्यक्षीय भाषण उभे राहते. ‘संघ’ हा शब्द तर खेळाडूंच्या चमूने आधीच अडवून ठेवलेला. तेव्हा मी ‘मंडळ’ म्हणतो. वाचकांनी गोड मानून घ्यावे. मंडळ म्हणजे ज्यांनी दरवर्षी एकमेकांशी, समान नियमांनी खेळण्याचे ठरवले आहे अशा विद्यापीठांचा समूह. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा आधी विभागवार आणि मग अखिल भारतीय पातळीवर होतात, त्यामागचा विचार फार निराळा नाही. ‘बिग टेन’ हे मंडळ १८९६ साली मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांनी उभारले. पॅसिफिक किनाऱ्यावरील मंडळ १९१५ साली पोर्टलंड येथे चार संस्थांनी स्थापन केले, आणि आपल्या इंदूरकर मुलाचे विद्यापीठ त्या चौघांपैकी एक होय.

शेजाराचा एक मोठा गुण असा की, त्यात हिशेब सरळ राहतो. पॅसिफिक मंडळात दहा विद्यापीठे असताना, २००६ ते २०१० या पाच हंगामांत प्रत्येक संघ मंडळात नऊ सामने खेळत असे. दहा संघ, नऊ सामने. म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. वर्षअखेर पहिला कोण हे सांगायला पंच नको की पंडित नको. आज ‘बिग टेन’मध्ये अठरा विद्यापीठे आहेत. (नाव मात्र दहाचेच ठेवले आहे. ‘बिग ट्वेल्व्ह’ नावाच्या दुसऱ्या मंडळात सोळा आहेत. या देशाने चंद्रावर माणूस उतरवला, तो यांच्याकडून आकडेमोड करून घेतलेली नसावी.) अठरांपैकी प्रत्येक संघ मंडळातील नऊच सामने खेळतो, उरलेल्या आठांशी त्याची त्या हंगामात गाठच पडत नाही, निदान शेवटच्या अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत तरी. मग पहिला कोण, हे मैदानाइतकेच वेळापत्रकही ठरवू लागते.

दहांच्या पंगतीत अठरा पाने कोणी मांडली? याचे मूळ १९८४ सालच्या एका निकालात आहे. तोवर महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संस्था दूरदर्शनवरील प्रक्षेपणाचे करार सर्वांच्या वतीने करी आणि कोणता संघ किती वेळा दिसावा यावरही मर्यादा घाली. ओक्लाहोमा व जॉर्जिया येथील विद्यापीठांनी दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदेशीर ठरवली. निकाल न्याय्य असेल. मला तो न्याय्यच वाटतो. पण त्या दिवसापासून प्रत्येक मंडळ आपला माल आपण विकू लागले, आणि ज्याच्या पाटीत मोठ्या शहरांचे प्रेक्षक अधिक, त्याच्या मालाला भाव अधिक येऊ लागला. २०२२ साली ‘बिग टेन’ने केलेल्या सात वर्षांच्या कराराची किंमत सात अब्ज डॉलरांहून अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी, सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए यांनी, पॅसिफिक मंडळ सोडून तिकडे जाण्याचे जाहीर केले. पुढल्या वर्षी ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी तीच वाट धरली; चौघे ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये गेली; आणि स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया ही दोन नामांकित विद्यापीठे, पॅसिफिकच्या काठावर बसून, अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळाची सभासद झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात बारांपैकी दहा निघून गेली. राहिली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. करार झाला तो मुख्यतः फुटबॉलच्या जोरावर. पण स्थलांतर सर्वच खेळांना घडले. फुटबॉलचा संघ आठवड्याला एकच सामना खेळतो, आणि त्याचे निम्मेच सामने परगावी असतात. सॉफ्टबॉल किंवा व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींचे सामने पुष्कळ अधिक, आणि ते मधल्या वारीही असतात. लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीतील रटगर्स सुमारे चार हजार किलोमीटर दूर. घड्याळात तीन तासांचा फरक. ज्या मुलीला शुक्रवारी रसायनशास्त्राची परीक्षा द्यायची आहे, तिने गुरुवारी रात्री विमानात बसून समीकरणे पाठ करावीत, हे कोणत्या शिक्षणशास्त्रात बसते? तिच्या खेळासाठी कोणी दूरदर्शनवाला अब्जावधी मोजायला आला नव्हता. घरातील कर्त्याने नोकरीसाठी गाव बदलले की, मुलांची शाळाही बदलते. येथे तसेच झाले. फरक इतकाच की, येथे कर्ता महिन्यातून दोनदाच प्रवास करतो आणि मुले रोज.

आता हंगामोत्तर स्पर्धेविषयी. फार वर्षे ही स्पर्धा म्हणजे पाहुणचाराचे सामने होते. त्यांना ‘बाउल’ म्हणतात. शब्दशः भाषांतर केल्यास ‘रोझ बाउल’चा गुलाबाचा वाडगा होईल, म्हणून ते करीत नाही, वाडग्याच्या आकाराच्या क्रीडांगणांवरून हे नाव रूढ झाले. पॅसाडेना येथील पहिला सामना १९०२ साली झाला. त्यात मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे लोळवले, तेव्हा यजमानांनी हाय खाल्ली आणि १९१६ पर्यंत फुटबॉलऐवजी रथांच्या शर्यतींसारखी करमणूक पुरवली. राष्ट्रातला पहिला संघ कोण, हे मात्र मैदानावर ठरत नसे. १९३६ पासून वार्ताहरांच्या मतगणनेला त्यात मान होता. मते दोन ठिकाणी घेतली की अजिंक्यही दोन निघत. १९९७ साली मिशिगन व नेब्रास्का असे दोन निघाले. २०१४ च्या हंगामापासून तेरा जणांची समिती चार संघ निवडू लागली. २०२३ साली फ्लोरिडा स्टेटने तेरापैकी तेरा सामने जिंकले, आपले मंडळही जिंकले, आणि तरीही समितीने त्यांना वगळले. कारण त्यांचा प्रमुख खेळाडू जायबंदी झाला होता. एकही सामना न हरलेल्याला ‘तुम्ही पुढे हराल’ म्हणून दाराबाहेर ठेवणे मला आजही रुचलेले नाही.

२०२४ च्या हंगामापासून बारा संघ घेतात. त्यांतील पाच जागा मंडळांच्या विजेत्यांना, सात समितीच्या पसंतीला. ही सुधारणा खरी. पहिल्या चार विजेत्यांना त्या वर्षी पहिली फेरी माफ होती. ते चौघेही आपला पहिलाच सामना हरले. जिंकली ओहायो स्टेट, जिला आपल्या मंडळाच्या अंतिम सामन्यातही जागा मिळाली नव्हती! आळीत पहिला न आलेला गावात पहिला आला. खेळात असे घडावे, त्यात मौज आहे. पण मग आळीच्या स्पर्धेला अर्थ काय उरला, हाही प्रश्न उरतोच.

माझ्या अल्पमतीस वाटते ते असे. फुटबॉलचा संसार वेगळा थाटावा. त्याचे पैसे त्याने जरूर मिळवावेत आणि घरी पाठवावेत. बाकीचे खेळ जुन्या शेजारात परत यावेत. यूसीएलएचे त्या वेळचे प्रशिक्षक चिप केली यांनीही २०२३ साली असेच काहीसे सुचवले होते. फुटबॉलमध्येही गट दहा-दहांचे असावेत, सर्वांनी सर्वांशी खेळावे, आणि गटाचा विजेता कोणाच्या पसंतीवाचून पुढे जावा. करार संपेपर्यंत यातले काही होणार नाही, हे मलाही ठाऊक आहे.

इंदूरच्या भगिनींना आणखी दोन गोष्टी कळवाव्याशा वाटतात. मागे राहिलेल्या दोघांनी २०२३ च्या अखेरीस न्यायालयात जाऊन मंडळाचा कारभार आणि तिजोरी आपल्या हाती राखली, आणि जुलै २०२६ पासून बॉइसी, फ्रेस्नो, सॅन डिएगो वगैरे ठिकाणची विद्यापीठे त्यात घेऊन नवा डाव मांडण्याचे ठरवले. (त्यांत टेक्सासचेही एक आहे, ते शेजारी कसे, हे विचारू नये.) दुसरी गोष्ट युजीनच्या ओरेगन विद्यापीठाची, म्हणजे सोडून गेलेल्या शेजाऱ्याची. कॉर्व्हालिसपासून ते जेमतेम पासष्ट किलोमीटर. या दोघांतला सामना १८९४ पासूनचा, आणि वर्षानुवर्षे तो हंगामाच्या शेवटी, नोव्हेंबरच्या थंडीत होई. २०२४ साली तो सप्टेंबरातच उरकून घेतला, कारण नोव्हेंबरचे शनिवार नव्या मंडळाला द्यावे लागले. चिरंजीव तो सामना पाहायला गेले होते काय, हे त्यांना विचारून पुढल्या पत्रात अवश्य कळवावे.