पंचमी, पावणेचार

सांगा बरं, आज तिथी कोणती? मोबाइलमध्ये बघू नका हं! नाही ना आठवत? आमच्या पाचजणांच्या ग्रुपलाही आठवत नव्हती. वीकेण्डच्या भटकंतीला तिथी कशाला लागते?

प्लॅन एकदम सही होता. शनिवारी गेटवेहून बोटीने मांडवा, मुक्काम नागावला. रविवारी सकाळी अनवाणी, किनाऱ्याकिनाऱ्याने आक्षीपर्यंत. एकीकडे सुरूचं बन, दुसरीकडे लाटा, पायाखाली ओली, टणक वाळू. आक्षीपुढे खाडी आडवी येते, म्हणून तिथून रिक्षाने अलिबाग आणि ओहोटीत चालत कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, कान्होजी आंग्र्यांनी गाजवलेला!

आक्षीत नाश्ता जरा लांबला, एवढंच. किल्ल्यात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. वाटेत पाणी जेमतेम घोट्याएवढं. सिद्धिविनायकाचं दर्शन, तटावरचे फोटो, भर समुद्रातल्या गोड्या पाण्याचं कौतुक... साडेबाराला परत निघालो, तर आलेली वाटच गायब!

सरबतवाल्या मावशी म्हणाल्या, "आता उतरू नका रे पोरांनो. आज पंचमी, पावणेचारला भरती. होडी येईल, तोवर थांबा."

पण आमच्यातल्या एकाचा तीन वाजता क्लायंटबरोबर कॉल होता. लॅपटॉप नागावला. "कमरेएवढंच तर आहे," म्हणत तो उतरलासुद्धा. मला भीती वाटत होती, पण उगाच सीन कशाला, म्हणून मी गप्प बसले. पुढच्या वीस पावलांत पाणी छातीला लागलं आणि त्याचे पाय सुटले. येणाऱ्या होडीतून दोर पडला म्हणून बरं. त्याला पोहता येत नाही, हे मला कॉलेजपासून माहीत होतं.

मावशींचं गणित नंतर कळलं. आपल्या मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची साधारण वेळ निघते. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, म्हणजे पावणेदहाला. आम्ही पोचलो तेव्हाच पाणी फिरलेलं होतं. शिवाय सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत ते सगळ्यात जोरात चढतं. आम्ही नेमके तेव्हाच निघालो होतो.

आता अॅपवरही भरतीची वेळ मिळते. जाण्याआधी नक्की बघा आणि ओहोटीच्या तासभर आधी निघा. वेळ चुकलीच, तर होडीसाठी थांबा. आणि मित्र पाण्यात उतरायला लागला, तर खुशाल सीन करा.

तो कॉल? दुसऱ्या दिवशी झाला. क्लायंट म्हणाला, "नो प्रॉब्लेम."