नाटकाची जाहिरात आणि नटीची पाठ

माननीय संपादक यांस,


आपल्या दैनिकाच्या नाट्यजाहिरातींच्या पानावर अलीकडे जो प्रकार वाढीस लागला आहे, त्याविषयी एक जुना प्रेक्षक या नात्याने लिहिण्याची परवानगी घेतो. एका नव्या नाटकाच्या चौकटीत नाटककाराचे नाव भिंग लावून वाचावे इतक्या बारीक टाइपात, दिग्दर्शकाचे त्याच्याही खाली, आणि उरलेली सारी जागा व्यापून उघड्या पाठीची, मान वळवून पाहणारी नायिका. शेजारी ‘धाडसी’ आणि ‘फक्त प्रौढांसाठी’ ही दोन विशेषणे ठळक अक्षरांत छापलेली. ते नाटक मी रीतसर तिकीट काढून पाहिले. सासरी छळ सोसून माहेरी परतलेल्या एका परिचारिकेची ती कथा आहे, आणि दुसऱ्या अंकात ती आपल्या बहिणीपुढे पदर सारून पाठीवरचे डागण्यांचे वण दाखवते, एवढाच तो प्रसंग आहे. जाहिरातीतल्या पाठीवर ते वण नाहीत. ते पुसून टाकून कातडी तेवढी गुळगुळीत ठेवलेली आहे. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्या क्षणी नाट्यगृहात श्वास रोखला जावा, त्या क्षणी मागच्या रांगांतून शिट्टी आली, आणि त्या गुणी अभिनेत्रीचे पुढचे वाक्य कोणालाच नीट ऐकू आले नाही.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. रंगभूमीवर देह दिसूच नये, कामवासनेचा उच्चारच होऊ नये, असा सोवळेपणाचा आग्रह माझा नाही. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकावर सेन्सॉरची गदा आली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी उच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली आणि ती जिंकली, याचा मला आजही अभिमान वाटतो. निळू फुले यांचा सखाराम आणि लालन सारंग यांची चंपा पाहताना प्रेक्षक अस्वस्थ होत असे, कारण तेंडुलकरांनी माणसाच्या वासनेला आणि हिंसेला आडपडदा न ठेवता समोर उभे केले होते. परंतु आज जो निर्माता शरीर दाखवून तिकिटे विकतो, तो उद्या परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली असता ‘नाटकाचा एकसंध आशय पाहा’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याने स्वतःच आशयातून एक तुकडा कापून बाजारात मांडलेला असतो, आणि ज्यांना रंगभूमीच्या मुसक्या बांधायच्याच आहेत, त्यांच्या हाती तो आयता पुरावा देतो.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. पीटर शाफर यांचे ‘इक्वस’ लंडनच्या नॅशनल थिएटरने १९७३ साली प्रथम रंगमंचावर आणले. सहा घोड्यांचे डोळे फोडणाऱ्या एका मुलाच्या मनाचा ठाव घेणारे हे नाटक आहे. अखेरीस तो मुलगा विवस्त्र होतो, तेव्हा त्याच्या नग्नतेत त्याची भीती, त्याची लाज आणि त्याची असहायता एकवटलेली असते. न्यूयॉर्कमध्ये या नाटकाचे बाराशेहून अधिक प्रयोग झाले, आणि तेथील भित्तिपत्रकावर होते ते मोजक्या रेषांनी रेखाटलेले घोड्याचे मस्तक. तेच नाटक २००७ साली लंडनच्या गिलगुड नाट्यगृहात पुन्हा आले, तेव्हा पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी हॅरी पॉटरच्या भूमिकेमुळे घराघरांत पोहोचलेल्या डॅनियल रॅडक्लिफची उघड्या अंगाची छायाचित्रे देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकली. तो त्या वेळी अवघा सतरा वर्षांचा होता. त्याने ती भूमिका निष्ठेने केली, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु शाफर यांनी दोन अंकांच्या यातनेनंतर ज्या क्षणापर्यंत प्रेक्षकाला आणले होते, तो क्षण छायाचित्रकाराने त्याला आधीच घरपोच केला.

निर्मात्यांची बाजू मला ठाऊक आहे. नाट्यगृहाचे भाडे, जाहिरातींचे दर, दौऱ्याच्या बसचा खर्च यांची तोंडमिळवणी करताना त्यांच्या नाकी नऊ येतात, आणि मधल्या वारी रिकाम्या खुर्च्यांपुढे प्रयोग करण्याचे दुःख काय असते, हे त्यांनाच माहीत. परंतु मराठी नाटक आजवर जगले ते रविवारी सहकुटुंब येणाऱ्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाच्या बळावर. असल्या चौकटी पाहून तो नाट्यगृहाची पायरी चढण्यास संकोचतो, आणि ज्याला त्या चौकटीने खेचून आणलेले असते, तो फसवणूक झाल्याच्या रागाने परत जातो व पुन्हा फिरकत नाही. दोन्ही हिशेबांत तोटाच आहे.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो अभिनेत्रीवर. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात ही गोष्ट प्रतिष्ठित रंगभूमीवर रुजवण्यास केवढे धैर्य लागले! १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले आणि ज्योत्स्ना भोळे त्यात उभ्या राहिल्या. त्या नाटकाचा विषयच स्त्री आणि पुरुष यांना नीतीचे एकच माप लावण्याचा होता. त्या परंपरेतल्या आजच्या मुलीने करार केलेला असतो भूमिकेचा, आणि वापर होतो तो तिच्या पाठीचा. ‘हरकत आहे’ असे म्हणावे, तर पुढचे नाटक हातचे जाईल, हे भय तिला गप्प बसवते.

म्हणून आपणांस माझी विनंती अशी, की आपल्या जाहिरात विभागास स्पष्ट ताकीद द्यावी: ज्या चौकटीत नाटककाराचे व दिग्दर्शकाचे नाव सहज वाचता येईल अशा टाइपात नसेल, अथवा ज्या छायाचित्राच्या वापरास त्या कलावंताची लेखी संमती जोडलेली नसेल, ती चौकट निर्मात्याकडे परत पाठवावी. यासाठी सरकारी फर्मानाची गरज नाही आणि सेन्सॉरचीही नाही. पान आपले आहे, आणि ते कसे भरावे हा अधिकारही सर्वस्वी आपलाच आहे.

आपला नम्र,
एक नाट्यप्रेमी वाचक
दादर, मुंबई