रूळ पडण्याआधी पाणी विचारा



१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर, बीडहून अहिल्यानगरला गाडी सुरू झाली. आनंद झाला, तो खोटा कशाला म्हणायचा? दोन पिढ्यांनी या गाडीसाठी मोर्चे काढले. पण हारतुरे वाळले आहेत, आता हिशेबाला बसू.

अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज ३५३ कोटी रुपयांचा. गाडी बीडला आली तेव्हा आकडा ४,८०५ कोटींवर गेला होता, म्हणजे साडेतेरा पटीहून जास्त. (याच काळात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला १,३५० वरून ८,११० झाला, म्हणजे सहापट. सरकारला स्वतःच्या कामाची महागाई बरोबर मोजता येते.) बजेटमध्ये दरवर्षी चिमूटभर रक्कम पडायची, ती संपेपर्यंत सिमेंट-लोखंडाचे भाव वर जायचे. पुढे राज्य सरकारने निम्मा खर्च उचलायचे ठरले, तेव्हा काम हलू लागले. तरी नगर ते नारायणडोह या १२ किलोमीटरवर चाचणीची गाडी धावायला २०१७ उजाडले. आष्टीला गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ ला. बीड हे सुमारे १६७ किलोमीटरवर. तिथून वडवणी, तेलगाव, सिरसाळा करत परळीपर्यंतचे सुमारे ९४ किलोमीटर त्या दिवशी बाकी होते.

इंग्रजांच्या बार्शी लाइट रेल्वेने १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू केली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोचवली. चौदा वर्षे. गेज लहान, गाडी हलकी, हे खरे. तरी चौदाच वर्षे.

उशीर झाला तो झाला. आपला प्रश्न राहिलेल्या ९४ किलोमीटरचा आहे, आणि तो रुळाचा नाही, पाण्याचा आहे.

सिरसाळ्याच्या शिवारातली काळी जमीन आपण जाणतो. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एकदा फुगली की पाणी फारसे आत घेत नाही, मग ते वरून वाहते. आणि आपल्या शिवारात ते सगळे ओढ्यातूनच वाहते असे नाही. मोठा पाऊस झाला की बांधाच्या सांडीवरून, धुऱ्याच्या कडेने, शेतभर पसरून ते खाली उतरते. नकाशावर ओढा दिसतो, हे पसरून वाहणारे पाणी दिसत नाही. रेल्वेचा भराव आडवा पडला की ते अडते. ओढा असेल तिथे पूल होतोच, दोन ओढ्यांच्या मधल्या शेतकऱ्याने काय करायचे? वरच्या अंगाचे शेत चिबडते. तूर दोन दिवस पाण्यात उभी राहिली की मुळे सडतात, कापूस पिवळा पडतो, सोयाबीनला वाफसाच मिळत नाही. खालच्या अंगाला उलटे. एकाच मोरीतून दहा शेतांचे पाणी जोराने बाहेर पडते आणि चांगल्या जमिनीत घळ पाडते. मावेजा मात्र फक्त भरावाखाली गेलेल्या गुंठ्यांचा मिळतो. चिबडलेल्या एकराचा नाही, घळ पडलेल्याचाही नाही.

ही दया मागण्याची गोष्ट नाही, कायदा आहे. रेल्वे कायदा १९८९ चे कलम १६ वाचा. रेल्वे होण्याआधी लगतच्या जमिनीत पाणी जितक्या मोकळेपणाने येत-जात होते, तितक्याच मोकळेपणाने ते नंतरही यावे-जावे, एवढ्या मापाच्या मोऱ्या, नाल्या आणि चर रेल्वेने स्वतःच्या खर्चाने बांधायचे आणि सांभाळायचे आहेत. रुळामुळे तुटलेल्या वाटांसाठीही तेच. इंग्रजांच्या १८९० च्या कायद्यातही हे होते.

पण त्याच कलमात दोन काटे आहेत. पहिला असा, की मोरी किंवा वाट नको म्हणून मालकाने पैसे घेतले असतील, तर पुढे ती मागता येत नाही. तेव्हा मावेजाच्या कागदावर सही करताना 'इतर सुविधांबद्दल तक्रार नाही' असा मजकूर घुसवलेला नाही ना, ते शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. दुसरा काटा मुदतीचा. मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून दहा वर्षांनंतर जादा कामाचा खर्च रेल्वेवर राहत नाही. पुढे मोरी हवी असेल तर पैसे आपले. म्हणजे आष्टीपर्यंतच्या भावांची मुदत सप्टेंबर २०३२ ला संपते, बीडपर्यंतच्यांची २०३५ ला. त्यांनाही हे पत्रक दाखवा.

वाटांचे बघा. नव्या मार्गावर फाटक देत नाहीत, भुयारी मार्ग देतात. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात पावसाळ्यात त्यात कमरेएवढे पाणी आणि बाहेर ऊस भरलेली ट्रॉली उभी. भुयारातले पाणी उताराने बाहेर काढायचा चर खोदाईबरोबरच झाला पाहिजे. नंतर पंप बसवतो असे सांगितले, तर त्या पंपाचे वीजबिल कोण भरणार हे तिथेच विचारा. उंचीही विचारा, भरलेल्या ट्रॉलीची उंची मोजून न्या.

देखभालीचा अनुभव शेजारच्या वऱ्हाडाने घेतला आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला कापूस मुंबईला नेण्यासाठी बांधली गेली. मालक खासगी कंपनी, गाडी चालवणारी सरकारी रेल्वे. वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत राहिले, रूळ मात्र खचत गेले आणि शेवटी गाडीच बंद पडली. आपली मोरीही अशी दोघांच्या मधे पडू शकते. रेल्वे म्हणेल पुढचा नाला जिल्हा परिषदेचा, जिल्हा परिषद म्हणेल हद्द रेल्वेची.

इथे रेल्वेचा स्वार्थ आपल्याच बाजूला आहे, हे इंजिनिअर साहेबांना सांगायला लाजू नका. भरावाच्या पायथ्याशी पाणी साचले की काळी माती लोण्यासारखी होते, खडी तिच्यात रुतते, रूळ बसतो आणि गाडीचा वेग कमी करावा लागतो. पावसाळ्याआधी मोऱ्या आणि बाजूच्या नाल्या साफ करणे हा रेल्वेचाच नियम आहे. तो पाळला जातो का, ते मे महिन्यात जाऊन बघायचे काम गावाचे.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना मार्गावरच्या प्रत्येक गावाने गावनकाशाची प्रत आणावी. तिच्यावर रेल्वेची आखणी काढावी. मागच्या मोठ्या पावसात पाणी कुठून आले, कुठे गेले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून निळ्या पेन्सिलीने गट नंबरासह दाखवावे. कालव्याची पोटचारी, विहिरीची पाइपलाइन, शीवरस्ता, गाडीवाट लाल पेन्सिलीने. कलम १६ च्या अर्जाचा नमुना बैठकीत मिळेल. अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एक रेल्वेच्या बांधकाम विभागाला, दुसरी जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही.