आत काय आहे, ते जवानांना सांगा

आग लागली की आपण 101 फिरवतो आणि बंबाची वाट पाहतो. बंब आला की हायसं वाटतं. आता पुढचं त्यांचं ते बघतील, असं आपण धरून चालतो. पण तुमच्या घरात काय आहे, हे त्या जवानाला ठाऊक नसतं. ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं.

धुराने भरलेल्या घरात त्याला स्वतःचा हातही दिसत नाही. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क. एक हात भिंतीला लावून तो गुडघ्यांवर पुढे सरकतो. ती हवा मोजकीच असते. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटाला तो अडखळला, चुकीच्या खोलीत शिरला, की हवाही गेली आणि वेळही गेला.

म्हणून त्याला मदत करायची तर आधी माहिती द्या. ती कधी आणि कशी द्यायची, ते क्रमाने पाहू.

फोनवर घाई करू नका. ‘आग लागलीय, लवकर या’ एवढंच बोलून फोन ठेवू नका. पत्ता खुणेसकट सांगा. मारुती मंदिरामागची गल्ली, डावीकडची चार मजली इमारत, तिसरा मजला, असा. काय पेटलंय ते सांगा. कुणी अडकलंय का ते सांगा. समोरच्याचं विचारून होईपर्यंत फोन ठेवू नका. 101 लागला नाही तर 112 फिरवा.

मग घराबाहेर पडा. निघताना दार ओढून घ्या, पण कुलूप लावू नका. दार सताड उघडं राहिलं की आगीला हवा मिळते आणि धूर जिन्यात भरतो. लिफ्ट वापरू नका. दागिने, कागदपत्रं, मोबाईलचा चार्जर, कशासाठीही परत फिरू नका. तुम्ही आत गेलात की तुम्हाला शोधायला एका जवानाला आत जावं लागतं.

बंब येईपर्यंत दोन माणसं कामाला लावा. एकाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बंबाला वाट दाखवावी. दुसऱ्याने फाटक उघडून आडव्या लावलेल्या गाड्या हलवायला सांगाव्यात. मीटर रूमपर्यंतची वाट मोकळी असेल, तिथे धूर नसेल, तर आग लागलेल्या घराचा वीजपुरवठा तिथून बंद करा. मीटरच पेटले असतील तर जवळही जाऊ नका.

सिलिंडरमधला गॅस गळत असेल तर नियम वेगळा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. दिव्याचं किंवा पंख्याचं बटण लावूही नका आणि बंदही करू नका. एका ठिणगीने भडका उडतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. मग बाहेरूनच 1906 या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा.

बंब आला की घोळक्याने सगळ्यांनी एकदम बोलू नका. एकच माणूस पुढे होऊन त्यांच्या अधिकाऱ्याला गाठेल, असं बघा. त्याने एवढं सांगावं:

आत कोण आहे आणि कुठल्या खोलीत आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजी असतील तर त्यांचा पलंग कुठे आहे.

गॅसची सिलिंडरं किती आणि कुठे आहेत. भरलेलं जादा सिलिंडर बाल्कनीत असेल तर तेही.

इन्व्हर्टर आहे का. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरची वीज घरात खेळत राहते. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर उन्हात त्यांच्या तारांतही वीज असते. अशा ठिकाणी पाणी मारणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकतं.

इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी घरात चार्जिंगला लावली होती का. ती विझल्यासारखी दिसली तरी पुन्हा पेटू शकते.

रंग, थिनर, रॉकेल, फटाके असं काही साठवलंय का. तळमजल्यावरच्या दुकानाचं गोदाम कशाचं आहे. इथे लाजू नका. परवानगीचं नंतर बघता येईल.

इमारत जुनी आहे का, कुठे तडे गेलेत का, कुठला मजला लाकडी आहे का. मुंबईत काळबादेवीला 9 मे 2015 रोजी एका जुन्या इमारतीला आग लागली आणि ती कोसळली. त्या दुर्घटनेत अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर त्यांतलेच एक.

सांगून झालं की लांब व्हा. पाण्याचा पाइप ओढायला जाऊ नका. मोबाईल वर करून पुढे घुसू नका. वरून काच पडते, ग्रील पडतं, आणि गर्दी असली की शिडी लावायला जागा उरत नाही.

आग विझली तरी लगेच घरात जाऊ नका. छत तापलेलं असतं, वायरी उघड्या असतात, आत निखारे धुमसत असतात. जवान ‘जा’ म्हणतील तेव्हाच जा. मेन स्विच वायरमनने तपासल्याशिवाय लावू नका. धूर लागलेलं अन्न टाकून द्या.

आता शांत वेळी करायची कामं. जिन्यातली जुनी सायकल, मोडका सोफा, मीटर रूममधली अडगळ काढा. गच्चीच्या दाराची चावी वॉचमनकडेही ठेवा. खिडकीच्या ग्रीलला आतून उघडणारी झडप करून घ्या. सोसायटीत आग विझवण्याची यंत्रणा असेल तर तिची तपासणी परवानाधारक संस्थेकडून करून जानेवारीत आणि जुलैत ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते दिलंय का, एवढं सेक्रेटरींना विचारा.

आणि एक कागद तयार करा. त्यावर मेन स्विच कुठे, पाण्याची टाकी कुठे, कुठल्या घरात आजारी किंवा एकटं माणूस, कुठे सौर पॅनेल, ते लिहा. तो कागद वॉचमनच्या टेबलावर ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तरी माहिती जागेवर राहते.

हा कागद दरवर्षी 14 एप्रिलला तपासा. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवता विझवता स्फोट झाला आणि अग्निशमन दलाची 66 माणसं गेली. त्यांच्या आठवणीत देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. सोसायटीतला आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम झाला की सगळे जमलेले असतातच. तेव्हाच दहा मिनिटं काढा, कागद मोठ्याने वाचा आणि वर्षभरात जे बदललं असेल ते त्यात दुरुस्त करा.